पाण्याची सावड

आखाडात ज्या गावात चूल पेटवायला एक सुकं लाकूड सापडत नाही, त्याच गावातल्या बायांनी फागुनात वाळूत खणलेल्या झिऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरावा, याचा भामाबाईला जेवढा संताप येई तेवढा उंबरवाडीत दुसऱ्या कुणाला येत नसे. बाकीचे आभाळाकडं बघून सुस्कारा सोडत आणि मोकळे होत. भामाबाई माणसांकडं बघे, आणि मग तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

"आभाळ पोत्यानं वततंय, आन ह्यांच्या पोत्याला बूड न्हाई," ती म्हणायची. "बूड शिवा म्हनलं, तर म्हंत्यात पोतंच बारीक हाय!"

मावळात, लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला उंबरवाडी. गावाला एक ओढा. भात कापून झालं, की दगड, माती आणि निरगुडीच्या फांद्या रचून गाव त्या ओढ्याला बांध घालायचं आणि पाणी पाटानं रानात घ्यायचं. पाटाच्या तोंडाशी श्रीपतीचं रान. मध्ये शकुबाईचं आणि कोळीवाडीतल्या चार-दोन घरांचं. अगदी शेपटाला, जिथं पाट दमून जमिनीत जिरायचा, तिथं भामाबाईच्या सासऱ्याचा तुकडा. त्याच्या खालच्या अंगाला ओढ्यातलाच एक डोह होता आणि बौद्धवस्ती त्या डोहाचं पाणी प्यायची. गावच्या विहिरीवर जायला कायद्यानं आता कुणाची आडकाठी नव्हती. पण वस्तीतली बाई तिथं पोचली, की बाकीच्या आपापले हंडे उचलून चार हात लांब सरायच्या. असं पाणी भामाबाईच्या घशाखाली उतरत नसे. डोह बरा. तो कुणाकडं बघून सरत नव्हता. फक्त होळीच्या आसपास आटत होता.

पूर्वी तो असा आटत नसे. पूर्वी पाटाचं पाणी राखायला तिचा सासरा धोंडिबा होता. कुणाच्या रानाचं दारं कधी उघडायचं, कधी मातीनं बुजवायचं, हे त्याच्या फावड्यावर चालायचं. त्याबद्दल खळ्यावर त्याला बलुतं मिळायचं. मिळायचं म्हणजे काय, दाणे लांबून घोंगडीवर फेकले जायचे आणि घोंगडीबाहेर पडलेले त्यानं वेचून घ्यायचे. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली, आणि त्याच आठवड्यात धोंडिबानं आपलं फावडं नेऊन चावडीच्या पायरीला टेकवून ठेवलं. "ह्ये तुमचं," एवढंच बोलला आणि मागं न बघता घरी आला.

त्यानंतर पाटाला धनी उरला नाही. म्हणजे सगळेच धनी झाले. श्रीपती तोंडाशी. तो संध्याकाळी आपलं दारं उघडायचा आणि जेवून खुशाल झोपायचा. पिढ्यान् पिढ्या भात लावणारा माणूस. रानात पाणी उभं दिसलं, की त्याच्या जिवाला थंडावा. गव्हालाही तो तसंच पाजायचा, गुडघाभर. गहू पिवळा पडला की म्हणायचा, "कुनाची तरी नजर लागली." नजर कुणाची? खालच्यांची. त्यांना बघण्यापलीकडं दुसरं काही मिळतच नव्हतं. श्रीपतीच्या रानातून सांडलेलं पाणी घळीत जाई, घळीतून खडकात, आणि खडकातून कुठं, ते खडकालाच ठाऊक. मधली माणसं मग चिडून मिळेल तेव्हा पाट फोडत. शेपटाला यायची ती फक्त भांडणं.

पासष्ट साली पाऊस गणपतीतच उठून गेला. भाताची लोंबी अर्धी पोचट राहिली आणि ओढा कार्तिकातच बारीक झाला. तेव्हा एक दिवस श्रीपती आणि कोळीवाडीतला कान्हू धोंडिबाच्या अंगणात येऊन उभे राहिले. भामाबाई चुलीशी होती.

"धोंडिबा हायेत का घरात?" श्रीपतीनं विचारलं.

"बगा," भामाबाई चुलीला सांगितल्यासारखी म्हणाली, "पाट वाहत होता तवर 'धोंड्या' व्हते. पाट सुकला तशी नावाला बा बी लागला आन हायेत बी."

श्रीपतीनं ते ऐकलं नाही असं दाखवलं. ओट्यावर धोंडिबा बसला होता. त्याच्याकडं वळून तो म्हणाला, "पाटाचं कायतरी केलं पायजे. तुमच्या घरची रीतच हाय ती. खळ्यावर वाटा देऊ, आदीपरास जास्त."

"माजी न्हाई ती रीत," धोंडिबा म्हणाला. "मी पायरीवर ठिवून आलोय. तितंच आसंल."

"तितं फावडं हाय. गंजलंय."

"मग रीतबी गंजली आसंल."

एवढ्यात भामाबाईचा नवरा गोरख ड्युटीवरून आला. तो लोणावळ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होता. दोघांना अंगणात बघून त्यानं डबासुद्धा खाली ठेवला नाही. "बलुतं आमी खानार न्हाई," तो म्हणाला. "ती लाइन बंद झाली कवाच. दुसरं काय आसंल तर बोला."

"बलुतं कोन मागतंय?" भामाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "पानी मी राखते."

गोरखनं तिच्याकडं असं बघितलं, की रुळावरून गाडी उतरली असती तरी त्यानं तसं बघितलं नसतं.

"तू? बाईमानूस?" श्रीपती म्हणाला.

"हंडा वाहायला बाईमानूस चालतं. मग फावड्याला काय झालं? पन माज्या रीतीनं राखीन. पानी शेपटाकडनं सुरू व्हईल."

श्रीपती हसला. कान्हूकडं बघून हसला, म्हणजे त्यानंही हसावं. "म्हंजी तुज्याकडनं! लय शानी हायस गं भामे."

"शानी हाय म्हनूनच सांगते. वरनं सुरू केलं की खाली पोचंस्तवर पानीबी सरतं आन मान्साची दानतबी. तुमचं रान भिजलं, की खाली काय झालं ह्याचं तुमाला सोयरसुतक न्हाई. आन खालनं सुरू केलं तर? आपली बारी लवकर यावी म्हनून तुमी सोता पाटाची बिळं बुजवाल. बुजवाल का न्हाई?"

कान्हूला हसू आलं, पण ते नको त्या जागी आलं.

"आन ओढ्यालाबी बारी पायजे," भामाबाई म्हणाली. "बांदाला वीतभर दारं ठिवायचं, कायमचं. ते वढ्याचं. त्यातनं डोहाला पानी जाईल."

"वढ्याला कसली बारी? त्याचं काय रान हाय, का त्याला पोरंबाळं हायेत?"

"हायेत की. मासं हायेत, गुरं हायेत, आमी हाय. ज्याचं पानी त्यालाच उपाशी ठिवायचं, ही कुटली तऱ्हा?"

श्रीपतीनं मान हलवली, होकाराची की वैतागाची ते कळलं नाही. "बरं. आन तुला काय द्यायचं?"

"सावड."

सावड म्हणजे मावळातली जुनी चाल. आज तू माझ्या आवणीला ये, उद्या मी तुझ्या येतो. पैसा नाही, दाणा नाही. दिवसभर पावसात वाकून रोपं लावायची, आणि दुपारी ज्याचं रान त्याच्या बांधावर बसून त्याच्या घरची भाकरी सगळ्यांनी मिळून खायची. गावाची आणि कोळीवाडीची सावड होती. वस्तीशी गावानं सावड कधीच केली नव्हती. चिखलाचं कुणाला काही नव्हतं, चिखल सगळ्यांचा एकच. अडत होतं ते भाकरीपाशी.

श्रीपती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "बगू."

"बगू न्हाई. व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना. माजी भाकरी करपतीय."

"व्हय," कान्हू म्हणाला.

श्रीपतीही शेवटी "व्हय" म्हणाला. काढा प्यायलेल्या माणसाचं तोंड होतं तसं त्याचं झालं होतं.

ते गेल्यावर गोरखनं डबा आपटला. "आखाडात त्येंच्यातला एक येनार न्हाई तुज्या बांदावर. तोवर फुकट राबशील."

"न्हाई आले तर फावडं पुन्ना पायरीवर ठिवीन. मामंजींनी वाट दाखवलीच हाय."

"आन राबलेलं?"

"डोह भरलेला ऱ्हाईल का न्हाई? फुकट कसं?" भाकरी खरंच करपली होती. तीच तिनं गोरखच्या ताटात वाढली.

मग सुरू झाला तो हिवाळा. भामाबाईनं नंतर अनेकदा बोलून दाखवलं, की पाणी राखणं सोपं असतं, माणसं राखणं हेच अवघड.

ओढ्याचं दारं वीतभर ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात ते रोज कुणीतरी गवतानं बुजवायचं. भामाबाई गवत उपसून काढी आणि गावाच्या दिशेनं तोंड करून ज्याचं कुणाचं असेल त्याचा उद्धार करी. एकदा तिनं श्रीपतीलाच पेंढी कोंबताना पकडलं. त्याला त्याची लाज वगैरे काही नव्हती.

"अगं वाया चाल्लंय की समदं!" तो कळवळून म्हणाला.

"वाया न्हाई, घरी चाल्लंय ते. तुमी तुमच्या घरी जावा."

शकुबाईची गोष्ट वेगळी. तिचा कांदा. तिची बारी संपली, की ती दारं मातीनं बुजवायची, पण अशी, की खालून बोटभर झिरपत राहावं. "फुटतंय तर मी काय करू?" ती दोन्ही हात वर करून विचारायची. "माज्या रानाची मातीच भुसभुशीत." आणि तिच्या कांद्याच्या वाफ्यात मात्र बदक पोहावं असं पाणी. भामाबाई तिच्या बांधावर उभी राहून भांडायची, शकुबाई वाफ्यात उभी राहून. दोघींची भांडणं ऐकायला गुराखी म्हशी वळवून तिकडं आणायचे.

अशाच एका भांडणात भामाबाई स्वतःची बारी विसरली. आपल्या हरभऱ्याचं दारं उघडून ती शकुबाईच्या झिरपणाऱ्या मातीचा समाचार घ्यायला गेली होती, आणि समाचार लांबला. परत आली तेव्हा तिच्या वाफ्यात तळं साचलं होतं, बांध फुटला होता आणि हरभऱ्याची एक आख्खी ओळ मातीसकट खाली गेली होती. बांधावर श्रीपती उभा होता. ही वेळ त्याला नेमकी कशी सापडली, कोण जाणे.

"भातावानी पाजतीस व्हय गं हरबऱ्याला?" त्यानं विचारलं.

त्या दिवशी भामाबाई कुणाशी बोलली नाही. रात्री जेवताना गोरख बापाला म्हणाला, "बा, आज घरात लय शांत वाटतंय." धोंडिबा हसता हसता ठसकला. भामाबाईनं दोघांना कोरड्यास वाढलं नाही.

तरी एक झालं. श्रीपती खरोखरच पाटावर दिसू लागला. पाटाच्या कडेला खेकड्यांची बिळं असत आणि त्यातून पाणी गुपचूप पळून जाई. वर्षानुवर्षं ते पळत होतं आणि श्रीपतीला पत्ता नव्हता, कारण त्याच्या रानाच्या खाली काय होतं हे बघायला तो कधी गेलाच नव्हता. आता त्याची बारी शेवटी. खालच्यांचं उरकल्याशिवाय त्याला थेंब मिळायचा नाही. मग तो फावडं घेऊन पाटानं फिरे, बिळं बुजवे आणि खालच्या माणसांच्या आळसाला शिव्या घाली. "आजून भिजलं न्हाई व्हय तुमचं? काय पानी देताय का लेकराला आंघूळ घालताय?" हे ऐकून भामाबाईला बरं वाटायला हवं होतं. पण तिला अधिकच राग यायचा. नऊ वर्षं हेच डोकं कुठं गहाण ठेवलं होतं यानं?

गव्हाची मात्र तिलाही धास्ती होती. पाणी थोडं, म्हणून प्रत्येकाला माती ओली होईल एवढंच मिळत होतं. श्रीपती रोज म्हणायचा, "गहू मरतोय बग भामे. तुज्या नावानं खडं फोडील समदं गाव." ती त्याला उडवून लावायची आणि घरी येऊन सासऱ्याला विचारायची, "मामंजी, मरंल का वो खरंच?" धोंडिबा म्हणायचा, "आमच्या वक्ताला मेला नव्हता. पर गव्हाचं काय सांगावं." एवढ्या धीरावर तिनं हिवाळा काढला. गहू मेला नाही. फार आला असंही नाही, पण पिवळा पडला नाही, दाणा भरला. श्रीपतीनं खळ्यावर मूठभर गहू हातात घेऊन चोळला, फुंकला, आणि म्हणाला, "औंदा नजर लागली न्हाई."

भामाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

चैत्र आला, वैशाख आला. डोह आटत आटत गुडघ्याएवढा झाला, कडेनं हिरवा झाला, पण राहिला. बारीक मासे मधल्या खळग्यात गोळा झाले. वस्तीतल्या बाया नऊ वर्षांत पहिल्यांदाच वैशाखात झिरा खणल्याशिवाय हंडे भरत होत्या. मग गावच्या विहिरीनं तळ दाखवला, आणि एका दुपारी शकुबाई डोक्यावर हंडा घेऊन डोहाकडं येताना दिसली. मागं गावातल्या आणखी दोघीतिघी. डोहाशी वस्तीतल्या बाया होत्या. त्यांचे हंडे काठावर मांडलेले. त्यातल्या एकीनं हंडा उचलून सरायला हात पुढं केला होता, गावच्या विहिरीवर बघितलं होतं तसं. भामाबाईनं तिच्याकडं नुसतं बघितलं. हंडा जागेवर राहिला.

शकुबाई घोटाळली. "भामे, पानी..."

"रांगंत उबी ऱ्हा," भामाबाई म्हणाली. "हितंबी बारी हाय. आन हंडा बुडाला न्हाई म्हनून भोकं पाडू नकोस, तुजी मातीच भुसभुशीत."

शकुबाईला हसायचं नव्हतं, पण हसली. रांगेत उभी राहिली. हंडा हंड्याला लागला, कुणी सरलं नाही.

गोरखला ही गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "तहान लागली की समदीच येत्यात. आखाडात बग."

आखाड आला. राबावरची, म्हणजे भाजलेल्या वाफ्यातली भाताची रोपं हातभर झाली. भामाबाईनं आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं, "उद्या माजी आवनी." कुणी 'व्हय' म्हणालं नाही, कुणी 'न्हाई' म्हणालं नाही. गोरखनं मुद्दाम रजा घेतली होती. आपलं म्हणणं खरं ठरताना त्याला घरीच राहायचं होतं, असा भामाबाईचा समज होता.

पहाटेच उठून तिनं नाचणीच्या भाकरींची चळत केली आणि खेकड्यांचं कालवण. खेकडे पाटातलेच. वर्षभर त्यांनी पाणी पळवलं होतं, आज तरी उपयोगी पडावेत. डोक्यावर इरलं घेऊन ती रानात उतरली. पाऊस कोसळत होता. बांध रिकामा होता.

तिनं आणि गोरखनं मुकाट्यानं रोपं उपटायला सुरुवात केली. गोरख काही बोलत नव्हता, आणि त्याचं न बोलणं तिला बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं. "बोल की," ती शेवटी म्हणाली. "म्हन, मी सांगितलं व्हतं."

"म्या काय म्हनलं का?" तो म्हणाला. "रोपं दी."

तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "आगं भामे, ह्ये रान हाय का दलदल? पाय कुटं ठिवायचा?" शकुबाई. लुगडं खोचून, कुरकुरत, पण उतरली. तिच्यामागं कान्हू आणि त्याची बायको गंगी. मग कोळीवाडीतली आणखी काही. ओळी पडू लागल्या. भामाबाईच्या डोळ्यांतलं पाणी पावसात कुणाला दिसलं नसतं, पण तेवढ्यासाठीसुद्धा तिला कुणाचे उपकार नको होते. ती लगेच शकुबाईवर ओरडली, की रोपं फार दाट लावतेस.

श्रीपती आला तो दुपार व्हायच्या बेताला. इरल्याखाली, बांधावर उभा राहून त्यानं सगळं रान नजरेखालून घातलं. "ही वळ वाकडी हाय," तो म्हणाला. "आन पानी लय साचलंय. आसं लावत्यात व्हय?" लावणारे लावत राहिले. तेव्हा त्यानं धोतर वर खोचलं, खालच्या अंगाचं दारं फोडून पाणी कमी केलं आणि चिखलात उतरला. ओळ त्याची सरळ पडली, हे भामाबाईला कबूल करावं लागलं. मनातल्या मनात.

दुपारी सगळे बांधावरच्या आंब्याखाली बसले. गंगीनं भाकरी घेतली, कान्हूनं घेतली. शकुबाईनं पदरात बांधून आणलेली आपली भाकरी काढली, कालवणाचा वास घेतला, आपली भाकरी पुन्हा बांधून ठेवली आणि हात पुढं केला. श्रीपती जरा लांब उकिडवा बसला.

"आबा, घ्या," भामाबाई म्हणाली.

"माजा उपास हाय."

"आज कसला?"

"हाय आपला."

भामाबाईचा सकाळपासूनचा, हिवाळ्यापासूनचा, नऊ वर्षांचा संताप एकदमच वर आला. पण आवाज चढला नाही. ती म्हणाली, "आबा, सावड निम्मीच झाली. चिखल झाला, भाकरी ऱ्हायली. आसं आसंल तर कार्तिकात फावडं मी चावडीच्या पायरीवर ठिवीन. मग तुमी आन तुमची नजर."

पाऊस पानांवरून गळत होता. श्रीपतीनं ओढ्याच्या वरच्या अंगाला बघितलं, जिथं बांध घालतात तिकडं. मग सरकून जवळ आला, भाकरीचा कोर मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात टाकला. सगळे दुसरीकडं बघत होते, म्हणजे त्याच्याकडंच बघत होते.

"लय तिखट केलंय भामाबाई," तो नाक पुसत म्हणाला, आणि दुसरा कोर मोडला.

"खेकडं तुमच्याच दाराशीचं," ती म्हणाली. "तिखट आसनारच."

गोरख खाली मान घालून जेवत होता. त्याच्या खांद्यावरून तिनं एक भाकरी जास्तीची वाढली, करपलेली नव्हे, चांगली. तेवढ्यात तिचं लक्ष रानाकडं गेलं. खालच्या अंगाला पाण्याची धार खळाळत चालली होती आणि तिच्यावरून सकाळी लावलेली रोपं, एकामागून एक, डोहाकडं निघाली होती.

"दारं!" भामाबाई किंचाळली आणि हातातली परात टाकून धावली. "दारं कुनी उगडं टाकलं? आबा! पानी काढलं तर बुजवायचं कुनी? तुमच्या आज्यानं?"

श्रीपती भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून उठला आणि तिच्यामागं चिखलातून पळाला. शकुबाई आंब्याखालून ओरडली, "आता तरी भुसभुशीत माती लावू नका रं!"